पाव्हण्याची नजर

साडी विकणारा पुरुष दिवसभर साड्या अंगावर घेत असतो, हे बायकांना माहीत असतं. पुरुष वाचकांना कदाचित नसेल, म्हणून आधी सांगून टाकतो. घडीतली साडी कुणी विकत घेत नाही. ती उलगडावी लागते, काठ कुठे येईल ते दाखवावं लागतं, पदर स्वतःच्या खांद्यावर टाकावा लागतो. मिशीवाला, पोट सुटलेला, खिशाला पेन लावलेला माणूस जरीचा पदर खांद्यावर घेऊन म्हणतो, "बघा ताई, असा येईल." आणि समोरची बाई हसत नाही. ती त्याच्यात स्वतःला बघत असते. हा आमचा धंदा. मी, रमेश मोरे, राहणार कामतघर, गिऱ्हाइकांचा मोरेमामा, आयुष्यभर धामणकर नाक्याजवळच्या एका दुकानात हेच केलं. रिटायर होऊन फार दिवस झालेले नाहीत. घरी अजूनही टॉवेल झटकला की तो उजव्या खांद्यावरच पडतो आणि आमची ही म्हणते, "घ्या, कितीला दिला?"

दुकान इक्बालशेठचं. त्यांच्या आजोबांचे लूम होते. पुढे लूम कमी झाले, दुकान वाढलं. शेठ मराठी बोलता बोलता हिंदीत शिरतात आणि परत मराठीत येतात, भिवंडीत सगळेच तसं बोलतात. एके दिवशी त्यांनी मला वर बोलावलं. तिथे खोक्यातून नुकताच काढलेला एक माणूस उभा होता. कमरेपासून वर माणूस, खाली चाकांवरचा खांब. दोन हात, पाच-पाच बोटं, तोंडाच्या जागी काळी काच आणि आत दोन कॅमेरे.

"मोरे, हा आपला नवा मानूस," शेठ म्हणाले. "इसको साडी दिखाना शिकवायचं. तुमच्याशिवाय कोन शिकवनार?"

खरं सांगतो, मला राग आला. आता ह्या वयात डब्याला धंदा शिकवायचा? पण शेठनी सांगितलं की कुणाची नोकरी जाणार नाही, आणि त्यांनी शब्द पाळला, हेही लिहायला हवं. शिवाय माझ्याशिवाय कोण शिकवणार, हे ऐकून माणूस जरा सुखावतोच.

कंपनीतर्फे तन्वी नावाची इंजिनिअर मुलगी आली होती, पुण्याची, कामाला वाघ. तिनं माझ्या हातात मोजे चढवले, बोटाबोटाला तार असलेले. कपाळावर पट्ट्यानं कॅमेरा बांधला. मी विचारलं, "आता ह्याला सांगू काय?"

"काही सांगायचं नाही काका. तुम्ही रोजच्यासारखं काम करा. तुम्ही काय बघता आणि त्यावर तुमचे हात काय करतात, ते तो घेईल."

मला हे लगेच पटलं, कारण आमच्या गादीवरही कुणी कुणाला शिकवत नाही. मी लागलो तेव्हा केशवकाका नावाचे जुने सेल्समन होते. त्यांनी मला एक अक्षर सांगितलं नाही. मी त्यांच्या शेजारी बसून साड्यांच्या घड्या घालायचो आणि बघायचो. वर्षभरानं एका गिऱ्हाइकानं मला विचारलं, केशवचा भाऊ का रे तू? इतके हात सारखे झाले होते.

तर काही महिने मी मोजे घालून, कपाळावर दिवा लावल्यासारखा कॅमेरा बांधून साड्या विकल्या. गिऱ्हाइकांना आम्ही सांगायचो, शूटिंग चालू आहे. बायका पदर नीट करून बसायच्या.

मग तो मशीनचा माणूस दुकानात उभा राहिला. गादीवर त्याला बसता येईना, म्हणून त्याच्यासाठी लाकडी ओटा केला. कंपनीनं त्याला काहीतरी इंग्रजी नाव दिलं होतं. दुकानातल्या पोरींनी त्याचा पाव्हणा केला, कारण शेठ त्याच्याकडे सारखं बघायचे आणि कुणी त्याला काम सांगायचं नाही.

पहिल्याच दिवशी पाव्हण्यानं साडी उलगडली, काठ माझ्यासारखाच दोन बोटांनी धरला, पदर खांद्यावर टाकला, आणि मग एक बोट वर नेऊन नाकाच्या जागी काचेवर टेकवलं. मला कळेना हे काय. तन्वी हसत सुटली. माझा चष्मा घसरतो, मी तो सारखा वर ढकलतो. पाव्हण्याला चष्मा नाही, पण सवय लागली. सगळं दुकान हसलं, मीही हसलो.

आणखी एक गोष्ट त्यानं उचलली होती. गिऱ्हाईक समोर बसलं की तो मान जरा उचलायचा आणि मग हळूच खाली, आणखी खाली आणायचा. शेठ खूश. म्हणायचे, "देखो, अदब हाय त्याला. सलाम करतो." बायकाही कौतुकानं त्याला नमस्कार करायच्या. मीही हा नमस्कारच समजत होतो.

गर्दी तर अशी व्हायची की विचारू नका. एक बाई रोज येऊन त्याच्याशी भाव करायची. भाव त्याला येत नव्हता, तो मीच शेजारून सांगायचो, पण तिला माझ्याशी बोलायचंच नव्हतं. "तुमी गप बसा मामा, ह्याला बोलू द्या." लाइट गेली की पाव्हण्याची बॅटरी काही वेळ चालायची, मग तो हात पुढे करून जागच्या जागी थांबायचा. एकदा एक आजी त्याच्या हातातल्या साडीकडे बघत पंख्याशिवाय घाम पुसत बसून राहिल्या. मी म्हटलं, आजी, बंद पडलाय तो. त्या म्हणाल्या, "असू दे, इचार करत असंल."

आणि एक होता रामलखन, लूमवरचा कारागीर, कामतघरलाच आमच्या मागच्या गल्लीत राहायचा. सुट्टीच्या दिवशी बायकोला घेऊन आला. पाव्हण्यानं कापड अंगठा आणि बोटात धरून चोळून दाखवलं. ही माझीच लकब. गिऱ्हाइकाच्या डोळ्यासमोर कापड चोळलं की त्याला भरवसा वाटतो. रामलखननं आयुष्यभर कापड विणलेलं. त्यानं मला विचारलं, "मामा, इसको मालूम पड़ता है क्या, कपड़ा कैसा है?"

मी म्हटलं, "नहीं. सिर्फ हाथ चलाता है."

"तो फिर झूठ बोल रहा है ना?"

त्यानं बायकोला साडी घेतली, पण कापड स्वतः चोळून.

मधेमधे पाव्हणा चुकायचा. शेठच्या नात्यातल्या एक बाई मुलीच्या लग्नाच्या खरेदीला आल्या. ह्यानं त्यांच्यापुढे एकामागून एक फिकट साड्या टाकल्या, राखाडी, बदामी, मातकट. त्या म्हणाल्या, "ह्याला रंग दिसत न्हाय काय?" एकदा जीन्समधल्या कॉलेजच्या मुलीलाही तसंच. तन्वीनं कॅमेरे तपासले, वरच्या लाइटी बदलल्या. आम्हाला वाटलं उजेडाचा घोटाळा आहे.

आता ज्या दिवसासाठी हे लिहायला बसलो, तो सांगतो.

दिघाशी गावची सुनंदा आमचं जुनं गिऱ्हाईक. नवरा लवकर गेला. गोडाऊनमध्ये पॅकिंगला जाऊन तिनं एकुलत्या मुलीला, प्रियाला, वाढवलं आणि नर्स केलं. प्रियाचं लग्न ठरलं. बस्त्याच्या आदल्या दिवशी ती एकटीच दुकानात आली. बस्ता म्हणजे लग्नाचे सगळे कपडे एकाच दुकानातून, दोन्हीकडच्या माणसांनी एकत्र बसून घ्यायचे. कुणाला काय आवडलं ह्यापेक्षा कुणाचं ऐकलं गेलं, हे तिथे महत्त्वाचं. बस्त्यात मोडलेली लग्नं मी बघितली आहेत.

प्रिया म्हणाली, "मामा, आईनं एकदा तुमच्याकडे एक डाळिंबी साडी हातात घेऊन ठेवून दिली होती. मला तीच तिला घ्यायचीय. लग्नात तिनं ती नेसून माझ्या शेजारी, पुढं उभं राहायचं. ती नको म्हणेल. मुलाकडची गौराआत्या तर आकाशपाताळ एक करेल. आणि आत्यानं नुसतं तोंड वाकडं केलं ना, तरी आई मागच्या दाराशी जाऊन उभी राहील. मी सांगून ठेवते, आई मागं तर मीपण अंतरपाटाला उभी राहणार नाही."

पोरगी बोलता बोलता रडायला लागली. मी म्हटलं, रडू नको, मी बघतो. आणि मला अक्कल सुचली. मी दाखवली तर आत्या माझ्याशी भांडेल. पण मशिनशी कोण भांडणार? मशिनला ना जात, ना रीत, ना कुणाची भीड. पाव्हण्यानं डाळिंबी साडी सुनंदापुढे टाकली की लोक म्हणतील, घ्या, आता मशिननंच दिली. मी तशीच डाळिंबी साडी शोधून स्वतःच्या हातानं पाव्हण्याच्या गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवली आणि स्वतःवरच खूश होऊन घरी गेलो.

बस्त्याला मंडळी आली. मुलाची आई भिडस्त, तोंडातून शब्द काढेना. सगळी सूत्रं गौराआत्याकडे. ही मुलाच्या बापाची आत्या, काठीसारखी ताठ, स्वतः तरुणपणीच विधवा झालेली. नेसलेली साडी इतकी धुतलेली की मूळ रंग सांगता येऊ नये. आत्याला गुडघ्यांमुळे खाली बसवेना, म्हणून मी तिच्यासाठी खुर्ची आणली, आणि ती नीट बसेपर्यंत तिच्या मागेच उभा राहिलो. म्हणजे गिऱ्हाइकांच्या बाजूला. हे असं कधी होत नाही. मी कायम गादीच्या बाजूला असायचो.

नवरीच्या साड्या झाल्या. हसणंखिदळणं चाललं होतं. मग प्रिया म्हणाली, "आता आईला दाखवा."

पाव्हणा सुनंदाकडे वळला. डाळिंबी साडी उलगडली. काय सुंदर उलगडली! पदर खांद्यावर टाकला, काठ उजेडात धरला. सुनंदाचा चेहरा असा झाला की मी मनात म्हटलं, जिंकलो. तिनं हात पुढे केला.

तेव्हा पाव्हण्यानं मान जरा उचलली. मग खाली. आणखी खाली. आणि त्यानं डाळिंबी साडी अगदी हळुवारपणे बाजूला सरकवली आणि तिच्यापुढे राखाडी साडी ठेवली. खांदा थोडा झुकवून, आर्जवानं. "हे बघा ताई, हे शोभून दिसेल," एवढे शब्दच काय ते नव्हते, बाकी सगळं होतं.

सुनंदानं हात मागे घेतला.

आत्या म्हणाली, "बगा. मशिनलापन कलतं. मानसांनाच कलंना झालंय."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तो नमस्कार नव्हताच. कपाळ, गळा, मनगटं. कुंकू आहे का, मंगळसूत्र आहे का, हिरवा चुडा आहे का. आम्ही गादीवरचे सगळे सेल्समन बाई समोर बसली की एका नजरेत हे बघतो. कपाळ आणि गळा मोकळा दिसला की हात आपोआप फिकट गठ्ठ्याकडे जातो. बाईनं चुकून गडद साडीला हात लावलाच, तर ती अलगद सरकवायची, तिला लाजवायचं नाही, तिच्या घरच्यांपुढे तिची शोभा होऊ द्यायची नाही. आम्ही ह्याला सभ्यपणा समजतो. केशवकाकांच्या शेजारी बसून मी हे कधी घेतलं, मला आठवतसुद्धा नाही. आणि मी बौद्ध माणूस! आमच्याकडे मंगलकार्याला पांढरं नेसतात. माझी बायको पांढऱ्या साडीत माझ्या घरी आली. माझ्या आईनं वडील गेल्यावरही हिरवं सोडलं नाही. घरात मी ह्या रिती मानत नाही, आणि दुकानात माझी मान रोज शंभर कपाळं तपासत होती. शेठच्या नातलग बाईचं कपाळ मोकळंच असणार, त्या मुसलमान. कॉलेजची पोरगी टिकली लावत नाही. उजेडाचा घोटाळा कसला, डोंबलाचा! आजवर मी त्या बाजूला बसत आलो. गिऱ्हाइकाच्या बाजूनं मी कसा दिसतो, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं, आणि ते बघवलं नाही.

मी पुढे होऊन पाव्हण्याचं लाल बटण दाबलं. तो थांबला.

"आत्या, मशिनला काही कळत नाही," मी म्हणालो. आवाज चढलाच माझा. "ते माझी नक्कल करतंय. तो हात माझा आहे. नजरपण माझीच आहे."

आत्यानं खुर्चीत वळून माझ्याकडे बघितलं. "मंग तुमी तर मानूसच हाव ना? इतकी वरसं बायांना साड्या दावता. तुमच्या हातालापन त्येच वाटतंय, तर मी येगलं काय बोलले?"

म्हातारीनं मला उभा चिरला. मला तसं वाटत नाही, हे मी म्हणालो असतो, पण सगळ्यांच्या देखत माझाच हात दुसरं सांगून मोकळा झाला होता. प्रिया उठली. तिचे डोळे भरलेले. म्हणाली, "चल आई, आपल्याला बस्ताच नको." मुलाच्या आईनं पदर तोंडाला लावला. शेठ गल्ल्यावरून उठून उभे राहिले.

सुनंदा मात्र जागची हलली नाही. ती पाव्हण्याकडे बघत होती. मग मला म्हणाली, "मामा, चालू करा त्याला."

"कशाला सुनंदा?"

"करा वो."

मी बटण वर केलं. बाजूला सरकवलेली डाळिंबी साडी सुनंदानं स्वतःच्या हातानं ओढून मांडीवर घेतली. पाव्हण्यानं मान उचलली. कपाळ, गळा, मनगटं. ह्या वेळी सगळ्यांना ते दिसलं, कारण आता सगळ्यांना माहीत होतं. त्याचा हात पुढे आला आणि त्यानं साडीचं टोक दोन बोटांत धरलं.

सुनंदानं सोडलं नाही.

तो जरा ओढत होता. तीही ओढत होती. गोडाऊनमध्ये खोकी उचलून घट्ट झालेले हात तिचे. इथे धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. गिऱ्हाइकानं कापड घट्ट धरलं की सेल्समननं सोडायचं. धरलेलं कापड म्हणजे पसंत पडलेलं कापड. ते ओढलं तर गिऱ्हाईक जन्मात परत येत नाही. हेही पाव्हण्यानं माझ्याकडूनच घेतलेलं असणार. पण सरकवायच्या साडीच्या बाबतीत ते वापरायची वेळ त्याच्यावर आली नव्हती, आणि माझ्यावरही नाही. कारण मी ज्या बायांपुढून गडद साड्या सरकवल्या, त्यांतल्या एकीनंही कधी धरून ठेवली नव्हती.

पाव्हण्यानं बोटं उघडली.

साडी सुनंदाच्या मांडीवर राहिली. प्रिया तिच्या शेजारी परत बसली आणि तिनं आईचा हात धरला. आता बोलायचं ते आत्यानं, आणि आत्या बोलायला तोंड उघडतच होती.

पण पाव्हण्याचं काम संपलं नव्हतं. एकीची पसंती झाली की पुढचीकडे वळायचं, हे त्याला पक्कं येत होतं. तो चाकांवर थोडा फिरला आणि आत्यासमोर थांबला. मान उचलली. तिच्या कपाळाकडे बघितलं, कोरडं, सुरकुतलेलं. गळ्याकडे बघितलं. काठीवर ठेवलेल्या मनगटांकडे बघितलं. मग त्यानं ती राखाडी साडी उचलली आणि खांदा झुकवून, फार अदबीनं, तिच्यापुढे ठेवली.

आत्या साडीकडे बघत राहिली. मी बटणापर्यंत हात नेला, पण दाबवेना. शेवटी ती हळू आवाजात, कुणालाच नाही अशी बोलली, "मना एकोणिसाव्या वरसाला असंच दाकवलं व्हतं. मी लाल मागितली व्हती."

कुणाची मान वर नव्हती. मुलाची आई उठून तिच्याजवळ आली, तशी आत्यानं तिला हातानंच थांबवलं. राखाडी साडी उचलून स्वतःच्या मांडीवर घेतली, तिच्यावरून हात फिरवला. मग सुनंदाकडे न बघता म्हणाली, "ती नेस तू. आनि म्होरं उबी राव. मी तुज्या बाजूला हाय, बगते कोन काय बोलतो त्ये."

"आत्या, तुम्हीपण दुसरी बघा ना," प्रिया म्हणाली. "लाल बघा. मामा दाखवतील."

मी तोवर लाल साडी काढलीही होती. खांद्यावर पदर टाकून उभा होतो, मिशीसकट. आत्यानं माझ्याकडे बघितलं, पदराकडे बघितलं, आणि तिला हसू आलं, तोंडात दात नसलेलं.

"ठेव बाबा," ती म्हणाली. "आता नको. पन घटकाभर तसाच उबा राव."